कुठला जील इआनेश

लिस्बनच्या उत्तरेकडच्या गाफान्या गावातल्या बायका झुल्मिराला पाठीमागे 'उलटून बघणारी' म्हणायच्या, आणि तिला ते पक्कं ठाऊक होतं. पाव घेतला की ती आधी त्याचं बूड बघायची. पाद्री प्रवचनात जरा अडखळला की तिला वाटायचं, हा काहीतरी गाळतोय. खाडीकाठच्या सुकवणीच्या आवारात ती कामाला होती. ऑक्टोबरात जहाजं खारवलेला कॉड मासा घेऊन परतायची. मग पुढचे कित्येक महिने तो हौदात धुवायचा, तारांच्या मांडवावर पसरायचा, आभाळ भरून आलं की धावत गोळा करायचा, हे तिथल्या बायकांचं काम. बाकीच्या बायका मासा टाकून पुढे सरकायच्या. झुल्मिरा प्रत्येक मासा उलटा करून त्याच्या पाठीवर बिघडल्याची लाली चढलीय का ते बघायची. मुकादम वैतागायचा, पण तिला बोलायची त्याची टाप नव्हती.

हा स्वभाव तिला आपोआप जडला नव्हता. ती लहान असताना तिचा बाप ब्राझीलला निघाला. वर्षभरात येतो म्हणाला. आई रडत होती, शेजारीपाजारी धीर देत होते. झुल्मिराने मात्र पाहिलं की बापाने ट्रंकेत लग्नातले बूट भरलेत. वर्षभर हमाली करायला जाणाऱ्या माणसाला लग्नातले बूट कशाला लागतात, असं तिने आईला सगळ्यांदेखत विचारलं आणि एक सणसणीत थोबाडीत खाल्ली. बाप परत आला नाही. पुढे कळलं की तिकडे त्याने दुसरा संसार मांडलाय. पोरीचं बरोबर होतं असं आईने मरेपर्यंत कबूल केलं नाही. झुल्मिराने मात्र तेव्हापासून ठरवूनच टाकलं, की भरवसा आपल्या डोळ्यांवर ठेवायचा, लोकांच्या तोंडावर नाही.

अशा बाईने लग्न कसं केलं, याचंच सगळ्यांना नवल वाटायचं. तिने निवडला अमारु. मोठ्या हाताचा, कमी बोलणारा, विनोद सांगितला तर तो दुसऱ्या दिवशी समजून हसणारा माणूस. ह्याच्याकडे खोटं बोलण्याइतकी हुशारीच नाही, असं तिने हेरलं आणि हो म्हटलं. मूलबाळ झालं नाही. पण दोघांचं बरं चाललं होतं.

अमारु डोरीवाला होता. एप्रिलमध्ये आमची शिडाची जहाजं न्यूफाउंडलंड आणि ग्रीनलंडकडे निघायची. प्रत्येक जहाजावर चपट्या तळाच्या छोट्या होड्या, म्हणजे डोऱ्या, एकात एक रचून ठेवलेल्या असायच्या. तिथे पोचलं की पहाटे एकेक डोरी पाण्यात सोडायची, आणि एका डोरीत एकच माणूस. त्याने एकट्याने वल्हवत दूर जायचं, गळांचा लांबलचक दोर टाकायचा, होडी काठोकाठ मासळीने भरायची आणि धुक्यातून आपलं जहाज शोधत परत यायचं. धुकं दाटलं की शंख फुंकायचा. जहाजावरून घंटा वाजायची. काही माणसं घंटेपर्यंत पोचायची नाहीत. गाफान्यात अशी घरं गल्लीगल्लीत होती, आणि त्याबद्दल कुणी फार बोलायचं नाही.

बासष्ट सालच्या हंगामानंतर अमारु घरी आला तेव्हा झुल्मिराने त्याच्या हातातली थैली घेतली, बाजूला ठेवली आणि त्याचे दोन्ही हात उलटून पाहिले. दरवर्षी त्याचे तळवे मिठाने चिरलेले, बोटांच्या पेरांवर जखमा पिकलेल्या असायच्या. या वर्षी ते पांढरे, मऊ आणि सुके होते. मनगटापाशी भाजल्याचा एक डाग होता.

तिने विचारलं, हे काय? अमारुने सांगितलं, ते असं. जूनमध्ये त्याला ताप भरला. कप्तानाने त्याला 'जील इआनेश'वर धाडलं. बरा झाला तोवर तिथल्या भटारखान्यातल्या पाववाल्याचा पाय उकळत्या पाण्याने भाजला. मग डॉक्टर म्हणाले, तू इथेच थांब, पीठ मळ. हंगाम संपेपर्यंत तो तिथेच राहिला.

'जील इआनेश' म्हणजे आमच्या ताफ्याचं हॉस्पिटलचं जहाज. पांढरंशुभ्र. आजाऱ्यांना तेच घ्यायचं, टपाल आणि आमिषाची मासळीही तेच पोचवायचं. नाव एका जुन्या दर्यावर्द्याचं. पाचशे वर्षांपूर्वी आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या बोजादोर भूशिरापलीकडे समुद्र उकळतो, तिथून कुणी परतत नाही, असं सगळे मानायचे. तेव्हा हा गडी ते भूशीर ओलांडून परत आला. शाळेत सगळ्यांनी हे घोकलेलं असतं. आमच्याकडे दर्यावर्दी मेला की त्याचं जहाज होतं, नाहीतर रस्ता होतो. फारच मोठा असला तर दोन्ही होतात.

झुल्मिराने ऐकून घेतलं. तिला त्यातलं एकही वाक्य खोटं वाटलं नाही. पण सगळी मिळून जी गोष्ट झाली, ती तिच्या गळी उतरली नाही. तापातून उठलेल्या डोरीवाल्याला पुन्हा डोरीत घालतात. हाताशी धरून पाव भाजायला बसवत नाहीत.

त्या हिवाळ्यात एका रविवारी प्रार्थना आटोपून दोघं चर्चबाहेर पडली. दारूच्या गुत्त्याच्या दाराशी सेराफीं उभा होता. हा अमारुच्याच जहाजावरचा डोरीवाला. त्याची बायको पियेदाद सुकवणीत झुल्मिराच्या शेजारच्या रांगेत काम करायची. सेराफीं अमारुकडे बघून हसला आणि म्हणाला, "काय रे, हात बरे आहेत ना? पकड काय घट्ट आहे तुझी, बाप रे! जहाजाच्या कठड्याला विचारा म्हणावं."

अमारुचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला. तो चालू लागला. झुल्मिराने घरी आल्यावर विचारलं, कठड्याचं काय? अमारु म्हणाला, काही नाही, सेराफीं प्यालेला होता. सेराफीं अजून प्यायला आत गेलासुद्धा नव्हता, हे तिने पाहिलं होतं. पण संशय आला की ती भांडायची नाही. आणखी बघायची.

पुढच्या एप्रिलला अमारु म्हणाला, "यंदा मी जील इआनेशवर. डोरीवर नाही."

"पुन्हा पावच भाजायला?"

"हो."

"म्हणजे तुला आता कायमचं ठेवून घेतलं?"

"विचारलंय त्यांनी," एवढं बोलून त्याने थैली उचलली. सुकवणीतल्या बायका म्हणाल्या, नशीबवान आहेस, नवरा ऊबेत राहणार. झुल्मिराला तसं वाटलं नाही. तो गेल्यावर तिने पेटी उघडली. त्याचे लोकरी हातमोजे पेटीत होते. तेल लावलेला पावसाळी कोट खुंटीला होता. जाड विणलेली बंडीही तिथेच होती, जी घातल्याशिवाय तो कधी बंदर ओलांडत नसे. माणूस भट्टीजवळ काम करो नाहीतर कुठे, ग्रीनलंडला जाणारा माणूस लोकर घरी ठेवून जात नाही. ती कितीतरी वेळ पेटीपाशी बसून राहिली. बापाने नको ते नेलं होतं. ह्याने हवं ते ठेवलं होतं.

अमारुला लिहिता येत नव्हतं आणि तिला वाचता येत नव्हतं, त्यामुळे खबर माणसांच्या तोंडूनच यायची. मे गेला, जून गेला, आणि कुणाच्याच तोंडी अमारुचं नाव नव्हतं. मध्येच एक कोट घातलेला माणूस सुकवणीत येऊन मुकादमाशी बोलला आणि झुल्मिराकडे बघत बघत गेला. मच्छीमारांच्या कचेरीतला होता म्हणे. यंदा कोण डोरीवर गेलं नाही आणि का, याची चौकशी करत होता; डोरीत उतरायला नकार देणं सरकार बंड समजायचं. त्या काळात असा माणूस नुसता बघून गेला तरी घरात दोन दिवस आवाज चढत नसे. पियेदादने दुपारी भाकरी खाताना सहज विचारल्यासारखं केलं, "अमारुचं नीट चाललंय ना? आमचा सेराफीं म्हणत होता, मागच्या वर्षी बिचारा फार... काय झालं होतं गं त्याला नेमकं?"

"ताप," झुल्मिरा म्हणाली.

"हो का?" पियेदाद म्हणाली आणि ऑलिव्हची बी थुंकली.

जुलैत लोरेन्सु आला. सुकवलेला कॉड ट्रकात भरून तो पार दक्षिणेला आल्गार्वपर्यंत पोचवायचा. बायकांना तो आवडायचा, कारण तो गावोगावच्या बातम्या आणायचा. गठ्ठे चढवता चढवता तो म्हणाला, "झुल्मिराकाकू, तुमचे यजमान भेटले. जाड झालेत जरा."

"कुठे भेटला?"

"जील इआनेशला."

झुल्मिराने हातातला मासा खाली ठेवला. "तू कधीपासून ग्रीनलंडला ट्रक न्यायला लागलास?"

बायका हसल्या. लोरेन्सुही हसला. "जहाज नाही हो, चौक! आल्गार्वातल्या लागुश गावातला जील इआनेश चौक. तो दर्यावर्दी तिथलाच ना. दुकानाच्या दारात उभे राहून कॉफी पीत होते. मी हाक मारली, तर आत निघून गेले. ऐकू आलं नसेल."

 पियेदादने कपाळावरचा रुमाल मागे सारला. "एकटाच होता?" तिने विचारलं.

लोरेन्सुला आता आपण काय बोलून बसलो ते कळलं. तो गठ्ठ्यांकडे बघत पुटपुटला, की कॉफी एका बाईने आणून दिली होती, पण दुकान म्हटलं की बायका असणारच.  झुल्मिराने मासा पुन्हा उचलला, उलटा केला, पाहिला आणि मांडवावर पसरला. संध्याकाळपर्यंत तिने एकही मासा पाहिल्यावाचून सोडला नाही.

मनात मात्र सगळं लखलखीत झालं होतं. यंदा मी जील इआनेशवर, तो म्हणाला होता. खोटं बोलायची हुशारी नव्हती त्याच्यात, म्हणून त्याने खरंच सांगितलं होतं. एवढंच, की त्या नावाचं जहाज होतं तसा चौकही होता, आणि ऐकणाऱ्याने काय समजायचं ते त्याने ऐकणाऱ्यावर सोडलं होतं. मऊ हात, मनगटावरचा भाजल्याचा डाग, घरी राहिलेली लोकर, सगळं आपापल्या जागी जाऊन बसत होतं. फक्त सेराफींचा कठडा कुठेच बसत नव्हता.

दोन दिवसांनी ती मुकादमाला बहीण आजारी असल्याचं सांगून निघाली. तिला बहीण नव्हती आणि मुकादमाला ते माहीत होतं. जवळच्या आवैरु शहरातून लिस्बनची गाडी, तिथे नदी ओलांडायची बोट, मग पुन्हा गाडी. डब्यातल्या बायका अंजीर खात होत्या. तिला देऊ केले, तिने घेतले नाहीत. लागुशला उतरली तेव्हा ऊन पांढरं होऊन भिंतींवर चढलं होतं. स्टेशन नदीच्या ह्या बाजूला, गाव त्या बाजूला. तिने वाटेत कुणालाही अमारुबद्दल विचारलं नाही. विचारलं की बातमी आपल्या आधी पोचते. फक्त चौक विचारला.

चौकात एका झाडाखाली बाक होता. समोर पावाचं दुकान. ती सावलीत बसली आणि डोक्यावरची शाल कपाळापर्यंत ओढली. थोड्या वेळाने दुकानातून एक बाई बाहेर आली. काळे कपडे, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, वय झुल्मिराएवढंच. चेहरा नाकारण्यासारखा नव्हता. तिने पायरी धुतली, आत वळून काहीतरी म्हणाली, आणि आतून अमारु बाहेर आला. पांढरा एप्रन, भुवयांवर पीठ. बाईने काहीतरी म्हटलं आणि तो हसला. सांगितल्याबरोबर हसला, दुसऱ्या दिवशी नाही.

 झुल्मिरा उठली नाही. बघत राहिली.

दुपार कलल्यावर अमारु पाठीवर पावाची टोपली घेऊन निघाला. ती अंतर ठेवून मागोमाग गेली. तेव्हा तिच्या लक्षात एक विचित्र गोष्ट आली. पाव द्यायचा होता नदीच्या मुखाशी असलेल्या खानावळीत. चौकातून धक्क्याच्या कडेने सरळ, सपाट, झाडांची वाट होती. अमारुने ती घेतली नाही. तो मागच्या गल्ल्यांतून चढणीला लागला, मोठा वळसा घालून, घामाने निथळत, टेकून टेकून गेला. गल्लीच्या एका फटीतून खाली पाणी दिसत होतं. तिथे पोचल्यावर त्याने मान दुसरीकडे वळवली आणि पावलं भरभर टाकली. परत येताना पुन्हा तेच केलं. रिकामी टोपली घेऊनसुद्धा सरळ रस्त्याने आला नाही.

बायकोच्या धास्तीने लपणारा माणूस अशी मान वळवत नाही. झुल्मिराने आयुष्यभर माणसांना काहीतरी लपवताना पाहिलं होतं, आणि हे लपवणं तिच्या ओळखीचं नव्हतं. गल्लीच्या तोंडाशी ती त्याच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली.

अमारु दचकला. मग त्याने टोपली खाली ठेवली, जणू कधीतरी हे होणारच होतं. "लोरेन्सुने सांगितलं," तो म्हणाला.

"ती बाई कोण?"

"कुश्तोदिया. दुकान तिचं आहे. भट्टीमागच्या खोलीत मी झोपतो. ती वर भावाच्या घरात राहते. भाऊ आहे आत, विचार त्याला."

"विचारीन," झुल्मिरा म्हणाली. "धक्क्यावरून का गेला नाहीस?"

या प्रश्नाला मात्र तो तयार नव्हता. त्याने भिंतीला पाठ टेकली. मग जे सांगितलं ते त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. मागच्या जूनमध्ये धुक्यात तो हरवला. जवळच कुठेतरी दुसऱ्या कुणाचा शंख वाजत होता. त्याने उत्तर दिलं. पुन्हा वाजला. तो त्या आवाजाकडे वल्हवत गेला, तर आवाज दुसरीकडून आला. असं बराच वेळ चाललं. मग तो शंख थांबला आणि पुन्हा वाजला नाही. अमारु आपल्या जहाजापर्यंत पोचला. दुसऱ्या पहाटे त्याची डोरी पाण्यात सोडली आणि उतर म्हणाले, तेव्हा त्याच्या हातांनी कठडा धरला. तो म्हणाला, मी सोडत होतो झुल्मिरा, हात सोडत नव्हते. सेराफीं आणि आणखी एकाने मिळून बोटं उकलली. एकेक बोट. एक उकललं की दुसरं बंद व्हायचं. शेवटी कप्तानाने बाकीच्यांना दम भरला, ताप आलाय म्हणून सांगा, आणि त्याला हॉस्पिटलच्या जहाजावर चढवलं. तिथल्या डॉक्टरांना कळलं. ते काही बोलले नाहीत, त्यांनी त्याला भट्टी दिली. पण ते जहाजही शेवटी पाण्यावरच होतं. हंगामभर तो गोल खिडकीला पाठ करून पीठ मळत राहिला.

"ह्या वर्षी नाहीच जमलं. तिथे सोबत असलेल्या एकाने ह्या दुकानाचं सांगितलं, तर बोट आणि पूल डोळे मिटून ओलांडले आणि आलो." मग तो चौकाच्या पाटीकडे बघत म्हणाला, "ह्याच्या नावाचं जहाज आहे, चौक आहे. तोसुद्धा पहिल्या खेपेला घाबरून अर्ध्यातून परत आला होता. मास्तरांनी शाळेत सांगितलं होतं. लोक ते विसरतात."

"तो दुसऱ्यांदा गेला," झुल्मिरा म्हणाली.

"हो. मी नाही जाणार."

 तिच्या मनात काय चाललं होतं ते तिने पुढे फार वर्षांनी एका शेजारणीला सांगितलं. बाई असती तर बरं झालं असतं, असं तिला त्या घटकेला वाटलं. बाईशी भांडता येतं. गाफान्यात दारुडा नवरा चालतो, मारणारा चालतो, दुसरीकडे जाणाराही चालतो. डोरीत उतरायला घाबरलेला चालत नाही. ज्यांचे नवरे परत आले नाहीत त्या बायकाच त्याच्याकडे आधी वळून बघतील. शिवाय कचेरीतला तो कोटवाला.

ती दुकानात गेली, कुश्तोदियाच्या भावाशी बोलली, भट्टीमागची खोली पाहिली, अंथरूण उलटून पाहिलं, उशीसुद्धा हुंगली. कुश्तोदिया हाताची घडी घालून उभी होती. "बघा, बघा," ती शांतपणे म्हणाली. "मीही बघितलं असतं." झुल्मिराला काही सापडलं नाही. संध्याकाळच्या गाडीने ती निघाली. अमारु तिला पोचवायला नदीवरच्या पुलापर्यंत आला. त्यावर त्याने पाऊल ठेवलं नाही.

गाफान्यात ती परतली, त्या दिवशी सुकवणीतल्या बायका तोंडं मिटून, कान उघडे ठेवून काम करत होत्या. दुपारच्या खाण्याच्या वेळी झुल्मिरा सगळ्यांच्या मधोमध येऊन बसली. आजवर ती कधी मधोमध बसली नव्हती.

"विचारून टाका एकदाचं," ती म्हणाली.

पियेदादने विचारलं, "आहे का कुणी?"

"आहे. विधवा आहे. पावाचं दुकान आहे तिचं. मागच्या वर्षापासूनच चाललंय. तिच्यापायीच त्याने डोरी सोडली, ताप न् बिप सगळं सोंग. कप्तानाला फसवलं, डॉक्टरला फसवलं आणि मला फसवलं."

एवढं बोलून तिने भाकरीचा तुकडा मोडला. आयुष्यात ठरवून बोललेलं हे तिचं पहिलं मोठं खोटं. बायकांनी हळहळ केली, दोघीतिघींनी तिच्या पाठीवर हात ठेवला, आणि तो हात तिने सहन केला. संध्याकाळपर्यंत गावभर झालं.

ऑक्टोबरात जहाजं परतली. सेराफीं गुत्त्यात बसून कठड्याची गोष्ट सांगायला लागला, तर लोकांनी त्यालाच वेड्यात काढलं. घाबरला कसला, म्हणाले, बाईसाठी नाटक केलं त्याने, आणि तू मूर्खासारखी बोटं उकलत बसलास! सेराफींने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. पण चार वेळा ऐकल्यावर त्यालाच वाटू लागलं, की खरंच, एवढी पकड आजारी माणसाची कशी असेल? कचेरीतल्या माणसानेही मान हलवली आणि पुन्हा आला नाही. बाईचं लफडं त्याच्या कक्षेत येत नव्हतं.

हिवाळ्यात अमारु घरी आला तेव्हा पुरुषांनी त्याच्या पाठीवर थापा मारल्या. त्याला काही उमजेना. घरी येऊन त्याने विचारलं, तेव्हा झुल्मिराने सांगितलं. तो खुर्चीत बसून राहिला. "मी तसा नाही," तो म्हणाला.

"मला माहीत आहे."

"मग तू लोकांना..."

"दुसरं काय सांगायला हवं होतं, ते तूच सांग."



याची किंमत तिनेच मोजली. पाद्री तिला सहनशीलतेचे धडे देऊ लागला. एका म्हातारीने नवरा परत वळवायचा काढा आणून दिला, तो तिने मुकाट्याने घेतला आणि मोरीत ओतला. आजवर तिला टरकून असणाऱ्या बायका आता तिची कीव करू लागल्या. सगळ्यांना उलटून बघते, म्हणायच्या, आणि घरातलंच दिसलं नाही हिला. हे तिला सगळ्यात जास्त लागायचं, कारण दिसलं होतं ते तिलाच. आणि खरं सांगायचं तर संशयानेही तिला पुरतं सोडलं नव्हतं. दरवर्षी उन्हाळ्यात एकदा, न कळवता, ती लागुशला जायची. चौकातल्या त्याच बाकावर शाल ओढून बसायची आणि तासभर बघायची. कधी काही सापडलं नाही. तरी पुढच्या वर्षी जायचीच.

असं बरीच वर्षं चाललं. मग डोऱ्यांची मासेमारीच बंद झाली. ते हॉस्पिटलचं जहाजही निवृत्त होऊन लिस्बनच्या गोदीत गंजत पडलं होतं म्हणे. अमारु कायमचा घरी आला. त्याने परसात भट्टी बांधली, शेजाऱ्यापाजाऱ्यांना पाव करून देऊ लागला. लोक म्हणायचे, आटोपलं वाटतं लागुशचं. खाडीच्या बाजूला तो कधी गेला नाही, पण आता त्यात कुणाला काही दिसलं नाही. एका जानेवारीत छातीत कळ येऊन तो गेला.

दफनाला सगळं गाव आलं. काही अमारुसाठी आले होते. बरेचसे लागुशची ती बाई येते का, ते बघायला आले होते. आणि ती आली. चर्चमध्ये शेवटच्या बाकावर एक परकी बाई, काळी शाल, केस पांढरे, रुमालात तोंड खुपसून रडत होती. माना वळल्या. पियेदादने झुल्मिराला कोपराने ढोसलं. झुल्मिराने मागे पाहिलं आणि कुश्तोदियाला ओळखलं.

नवऱ्याची शवपेटी पुढे असताना तिच्या मनात पहिला विचार आला तो हाच, की एवढं रडते? कुणी मालकीण नोकरासाठी एवढं रडते?

माती दिल्यानंतर ती सरळ कुश्तोदियाजवळ गेली. माणसं पांगायची थांबली. झुल्मिरा हळू आवाजात म्हणाली, "इतक्या लांबून आलात. आणि इतक्या रडलात. का?"

कुश्तोदियाला प्रश्नामागचा प्रश्न कळला. ती रागावली नाही. "माझा नवराही डोरीवर होता," ती म्हणाली. "धुक्यात गेला. पुढे अमारु आला, भावाला नोकर ठेवायचाच नव्हता, मी ठेवायला लावला. मग कितीतरी वर्षांनी त्याने मला एकदाच सांगितलं ते कठड्याचं. मला वाटलं, माझ्या नवऱ्यानेही असाच कठडा धरला असता तर. त्याने सोडला. सगळ्यांदेखत लाज वाटली असेल त्याला."

झुल्मिरा तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. बराच वेळ. आणि मग, अठरा वर्षांत पहिल्यांदाच, तिला बघायला आणखी काही उरलं नाही.

"चला घरी," ती म्हणाली. "उपाशी जायचं नाही."

तिने कोबीचं सार गरम केलं, अमारुने आदल्या आठवड्यात भाजलेला पाव त्यात बुडवायला काढला. दोघी समोरासमोर बसून जेवत होत्या तेव्हा पियेदाद मीठ मागायचं निमित्त काढून दारात आली आणि तशीच उभी राहिली.

"ये ना पियेदाद," झुल्मिरा म्हणाली. "ही कुश्तोदिया. लागुशची."

पियेदादने छातीवर क्रूस काढला, मीठ न घेताच गेली. कुश्तोदियाने भुवया उंचावल्या, आणि झुल्मिराने तिला सगळं सांगून टाकलं, सुकवणीत मधोमध बसून काय बोलली होती ते. कुश्तोदिया आधी चिडली. माझ्या नावाला काळं फासलंत की हो, म्हणाली.  मग म्हणाली, "लागुशला कळलं नाही ना?"

"नाही."

"मग असू द्या."

गाडीच्या वेळेला झुल्मिरा तिला मोटारीच्या थांब्यापर्यंत सोडायला निघाली. मागच्या गल्लीने जवळ पडलं असतं. झुल्मिराने तिच्या हातात हात घातला आणि तिला मोठ्या रस्त्याने नेलं, गुत्त्यावरून, चर्चवरून, सेराफींच्या खिडकीखालून, सगळ्यांना नीट दिसेल इतक्या सावकाश.